नव्वदच्या खुणेपर्यंतचा डाग

मित्रांनो, माझं बोलणं तुम्हाला खरं वाटेल की नाही, याची मलाच खात्री नाही. मी एक जुनी सागवानी फळी आहे. चेन्नईच्या काशिमेडू बंदरात माझ्यावर मासे आडवे ठेवून मोजतात. माझ्या एका टोकाला उभी पट्टी आहे. माशाचं तोंड तिला टेकवायचं आणि शेपटी कोणत्या खुणेवर येते ते वाचायचं. एवढंच माझं काम.

मला नारायणस्वामींनी घडवलं. सेंटिमीटरच्या शंभर खुणा त्यांनी तापल्या खिळ्याने माझ्यावर डागल्या. त्यांचे पूर्वज तंजावरचे मराठी. घरात कांदाही चालत नसे, आणि हे गृहस्थ मत्स्यखात्याच्या नोकरीपायी तीस वर्षं मासे मोजत होते. नाववाला मुरली त्यांना 'अय्या', म्हणजे साहेब, म्हणायचा आणि रोज छेडायचा, "अय्या, चव ठाऊक नाही, लांबी मात्र तोंडपाठ!" ते लाजून हसत आणि मला गोड्या पाण्याने धुऊन उन्हात उभी करत.

तेव्हा वंजरम, म्हणजे तुमची सुरमई, माझ्यावर ठेवली की शेपटी नव्वदच्या खुणेला लागे. त्या माशांचं तेल माझ्यात मुरत गेलं आणि नव्वदपर्यंत माशाच्याच आकाराचा काळा डाग पडला. पुढे, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, शेपट्या अलीकडे येऊ लागल्या. ऐंशी. सत्तर. आईच्या अंथरुणात एकटं मूल झोपावं, तसा नवा मासा त्या डागात दिसे.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सकाळी डागाचं शेपटीकडचं टोक ओलं असे. कित्येक दिवसांत तिथवर एकही मासा पोचलेला नसे. नारायणस्वामी फडक्याने पुसत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे पुन्हा ओल येई. बोट लावलं तर गार लागे, भर उन्हातसुद्धा.

मला वाटे, मीच फुगले असेन. इतकी वर्षं खारं पाणी पिऊन खुणा लांब लांब सरकल्या असतील. मासा तेवढाच असेल, मीच त्याला लहान ठरवत असेन. नारायणस्वामींनाही तेच वाटलं. एका वर्षी त्यांनी प्रत्येक मापात दोन सेंटिमीटर मिळवून नोंदवहीत लिहिलं. पुढच्या वर्षी चार. मग सहा, आणि असंच वाढत गेलं. दुसरी पट्टी लावून बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही. फळी खोटी निघाली तर सारा जन्म खोटा निघेल, ही त्यांची भीती होती. मला ती कळत होती, कारण माझीही तीच होती.

यंदा रत्नागिरीहून त्याच खात्याची कल्पना नावाची तरुण अधिकारी आली. दरवर्षीची मासेमारीबंदी संपली होती. मोठ्या भोकांची जाळी वापरायची, म्हणजे लहान मासे निसटून वाढतील, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर दुपारी नाववाल्यांची सभा ठरली होती.

सकाळीच मुरलीने वहीवर हात आपटला. इकडे पोरीबाळींनाही मानाने अम्मा म्हणतात. "अम्मा, वाच की! वीस वर्षं मासा तेवढाच आहे. मग आमची जाळी कशाला बदलायची?"

कल्पनाने वही मिटली. तिने पाटीतली सुरमई माझ्यावर ठेवली. शेपटी साठच्याही अलीकडे थांबली. तिने पोटावर सुरी फिरवली आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, अंडी!" तिने नारायणस्वामींना दाखवलं. "एवढ्याशा माशाच्या पोटात गच्च अंडी!"

त्या माशाचा डोळा नारायणस्वामींवर रोखलेला होता. वाढायला वेळच उरला नव्हता. लहानपणीच तो आई झाला होता.

कल्पनाने पोलादी टेप काढून माझ्यावर ताणली. मित्रांनो, आता माझाच निकाल लागणार होता. शंभराची खूण शंभरावर आली. केसभरही फरक नव्हता.

नारायणस्वामींनी वही कल्पनापुढे सरकवली. "मी फळीवर संशय घेतला, अम्मा," ते पुटपुटले. "समुद्रावर घ्यायचा राहिला. आता कशाला लपवू?"

दुपारी मला उराशी धरून ते सभेत उभे राहिले. आयुष्यात चारचौघांत न बोललेला माणूस! त्यांनी सगळं सांगितलं. "वहीतले आकडे माझे आहेत, माशांचे नाहीत," ते म्हणाले.

"पाणी तापतंय, त्याने मासे आधीच बेजार आहेत," कल्पना म्हणाली. "त्यात पोरंही उचलली, तर मोठं होणार कोण?"

"तीस वर्षं मोजलं आणि आता सांगता, अय्या?" मुरली ओरडला. मग त्याने मला आडवी केली आणि कल्पनाने आणलेली ती लहान सुरमई डागात ठेवली. पुढे उरलेल्या काळ्या लाकडावर त्याने हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. तळवा ओला झाला होता.

"माझा बाप इथवरचा मासा दोन्ही हातांनी उचलायचा," तो हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, "भोक किती मोठं पाहिजे?"

नारायणस्वामी आता निवृत्त झाले. मी कल्पनाकडे आहे. आज सकाळीही डागाचं ते टोक ओलं होतं. ती ते पुसत नाही. मित्रांनो, कधी माप खोटं वाटलं, तर त्यात चार आकडे मिळवू नका. आधी दुसरी पट्टी लावून बघा, मग समुद्राकडे बघा. आणि छोट्या माशांना थोडं मोठं होऊ द्या. कोणीतरी माझ्या नव्वदच्या खुणेवर त्यांच्यासाठी जागा धरून बसलं आहे.