शफाक अठरा

आमच्याकडे एखाद्या घरचा मुलगा सक्तीच्या लष्करी नोकरीला गेला, की त्याच्या आईला कोणी 'कसा आहे?' असं विचारत नाही. विचारतात, "शफाक किती?" शफाक म्हणजे पहाट. घरी परतायला जेवढ्या पहाटा उरल्या असतील तेवढा आकडा ती सांगते, ऐकणारा "देवा, लवकर संपव" म्हणतो, आणि मग कुठे कांदे-लसणाच्या गप्पा सुरू होतात. शेवटच्या दिवशी मात्र शून्य म्हणायचं नाही. त्या दिवशी म्हणायचं, 'उगवता सूर्य'.

मी एकतीस वर्षं या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजांकडे पहाटेला 'डॉन' म्हणतात, पण त्याचा आकडा होत नाही. तो शब्द ते डोक्यात प्रकाश पडण्यासाठी वापरतात, तोही सावकाश, चहा पीत पीत पडावा तसा. आमच्याकडे एखाद्यावर शफाक फुटला म्हणतात तेव्हा त्याचा चेहरा पांढरा फटक पडलेला असतो. हे मी वर्गात सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून एर्दिंच म्हणाला होता, "म्हणजे बाई, इंग्रजांना वाईट बातम्या कळतच नाहीत का?" सगळा वर्ग हसला. मी त्याला उभं केलं, पण मलाही हसू आलं होतं.

तोच एर्दिंच पुढे पूर्वेच्या सरहद्दीवर पहाऱ्याला गेला. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील रिफत गावातून कास्तामोनू शहराला मिनिबस चालवायचे. तीस वर्षांत गाडी कुठे ठोकली नाही आणि कोणाचं ऐकूनही घेतलं नाही. आई नेबाहत, माणूस सोन्यासारखं, पण भित्री.

त्या वसंतात रिफत इस्पितळातून परत आला तो झोपूनच. फुप्फुसाचा आजार होता, आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, मीही घेणार नाही. डॉक्टरांनी नेबाहतला बाहेर बोलावून सांगितलं की उन्हाळा निघाला तर नशीब समजा. ती घरी आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "मुअल्लाताई, पोराला कळता कामा नये."

हीसुद्धा आमच्याकडची रीत आहे. सैनिकाला वाईट बातमी कळवायची नाही. आजी गेली तरी आजी झोपलीय म्हणायचं. हातात बंदूक असलेल्या पोराने मनात दुःख घेऊन उभं राहू नये म्हणतात. रिफतचंही तेच मत. "रडणारा पहारेकरी म्हणजे मेलेला पहारेकरी," तो म्हणाला. मला पटलं नव्हतं असं आज म्हणणं सोपं आहे. मला पटलं होतं. उलट खोटं बोलण्यात त्या दोघांपेक्षा मीच पटाईत निघाले.

तेव्हा शफाक एक्याऐंशी होता. आमच्या देशात एक्याऐंशी प्रांत, प्रत्येकाचा एक आकडा, तोच गाड्यांच्या नंबरप्लेटवर. आपला शफाक आज कुठल्या प्रांताचा, हे सगळेच सैनिक मोजतात. रिफत तर ड्रायव्हरच. तो पडल्या पडल्या गाडी हाकायला लागला. रोज पहाटे नेबाहत जनावरांकडे जायची, तेव्हा मी रिफतपाशी जाऊन बसायचे. बाहेर तांबडं फुटलं की तो विचारायचा, "बाई, आज कुठे?"

"अठ्ठावन्न. सिवास."

"सिवासचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. पुढे चला."

"बेचाळीस. कोन्या."

"रस्ता इतका सरळ, की झोप लागते. मला बोलतं ठेवा."

इस्तंबूलला त्याने थांबायला साफ नकार दिला, गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. सदतीस म्हणजे आमचं स्वतःचं कास्तामोनू. त्या दिवशी नेबाहतने मिनिबसची प्लेट ओल्या फडक्याने पुसली आणि आम्ही दोघींनी रिफतला उचलून खिडकीशी बसवलं. एर्दिंचचा फोन आला. "बाबा, आज आपलं गाव!" रिफतने श्वास आवरून, जुन्या आवाजात विचारलं, "मग उतरतोस का इथंच?" दोघे खूप हसले. फोन ठेवल्यावर रिफत अर्धा तास खोकत होता.

डॉक्टर काहीही म्हणोत, मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आकड्यावर जगतोय. जेवण सुटलं होतं, तारहानाचं सूप दोन चमचे जायचं, पण आकडा चुकत नव्हता. आदानाचा नंबर एक. आदाना गाठलं की पोरगा दारात. तेवढंच त्याला हवं होतं, त्यापुढचं काही तो मागत नव्हता.

शफाक सहा म्हणजे अंकारा. त्याच्या आदल्या संध्याकाळी पोस्टमनने मला पत्र दिलं. माझ्या नावाचं, एर्दिंचच्या अक्षरात.

त्याने लिहिलं होतं, 'बाई, रागावू नका. माझ्या हातून एक मूर्खपणा झाला, मला बारा दिवस कोठडी मिळाली. ते दिवस नोकरीत धरत नाहीत, शेवटी जोडतात. मी घरी सांगतो ते आकडे खोटे आहेत, प्रत्येकात बारा मिळवा. बाबांना सांगायला तोंड नाही. माझा खरा सदतीस आला त्या दिवशी कोणाला सांगणार, एकटाच कोपऱ्यात सिगारेट ओढत बसलो. तुम्ही त्यांना समजेल असं सांगा. तुम्हाला जमतं.'

मी पत्र घेऊन नेबाहतला गाठलं. म्हटलं, "पुरे झालं आता. त्याला खरं कळव. डॉक्टरचा कागद गेला तर रजा मिळते."

ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. "इतके दिवस लपवलं ताई, आता शेवटी सांगायचं? तो पळत सुटेल. दरीखोऱ्यातून येताना काही झालं तर? अठराच तर दिवस."

"अठरा दिवस आहेत का त्याच्याकडे?"

ती पुन्हा पिठाच्या परातीकडे वळली. मीही मग जोर केला नाही. बाईमाणसाला दोन्ही बाजूंनी काय ताणायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती.

पहाटे रिफतने विचारलं, "अंकारा ना आज?"

रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. शेवटी म्हटलं, "रिफत, अंकाऱ्याला पोचलो खरे. पण एक पॅसेंजर मागे राहिलाय."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कुठे?"

"चांकिरीला."

चांकिरी म्हणजे अठरा. त्याच्या ओठांची हालचाल दिसली, सहातून अठरापर्यंत मोजत गेला. तोंडाचा होता नव्हता तो रंग गेला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने हाताने बाजूला सारला.

"काही केलं का त्याने?"

"किरकोळ असेल. धडधाकट आहे. स्वतःच्या हाताने लिहिलंय."

त्याने मान परत उशीवर टेकवली. मग म्हणाला, "पॅसेंजर टाकून पुढे जाता येत नाही, बाई. वळवा गाडी."

आणि आम्ही परत फिरलो. चांकिरी, चानाक्काले, बुर्सा. इतक्या कष्टाने गाडी चालवणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. बोलूला पोचेपर्यंत त्याचं बोलणं कुजबुजीवर आलं. बिंगोलच्या दिवशी त्याने डोळेही उघडले नाहीत, फक्त बोटाने 'पुढे' अशी खूण केली. नेबाहत दाराआड उभी राहून तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबायची. रविवारी फोन आला की रिफतच्या कानाशी लावायचो, आणि तो दोन शब्द बोलायचा, "हां बेटा," आणि बाकीचं मी बोलायचे. लाईन खराब आहे, त्यांना सर्दी झालीय, तू खा-पी नीट. पोरानेही आकड्याचं काही काढलं नाही, बापानेही नाही.

दुसऱ्यांदा अंकारा आलं तेव्हा तो चक्क हसला. "या वेळी सगळे चढलेत ना?"

"सगळे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी म्हटलं, "पाच. अमास्या." त्याने माझं मनगट धरलं. "सफरचंदं घ्या," तो म्हणाला. अमास्याची सफरचंदं नावाजलेली. मी "किती घेऊ?" विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. हात मात्र धरलेलाच होता, म्हणून मला कळायला वेळ लागला.

दुपारच्या नमाजानंतर त्याला पुरलं. संध्याकाळी घरात मयताचा हलवा ढवळणं चालू होतं, आतल्या खोलीत बायका कुराण वाचत होत्या, आणि फोन वाजला. रविवार होता हे आमच्या कोणाच्या ध्यानातच नव्हतं. नेबाहतने हात वर केला, तशा सगळ्या बायका गप्प झाल्या. तिने रिसीव्हर उचलला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा झोपलेत रे. आत्ताच डोळा लागलाय." मग आणखी दोन मिनिटं ती त्याच्याशी नव्या पायमोज्यांबद्दल बोलली. एवढी भित्री बाई. फोन ठेवून ती तिथंच जमिनीवर बसली.

उरलेले चार आकडे मी माझ्या खिडकीशी एकटीने मोजले. आदानापर्यंत गाडी नेणं भाग होतं.

एर्दिंचला घ्यायला मी गेले. "तुम्ही शिक्षिका, तुम्हाला बोलायला जमतं," नेबाहत म्हणाली. हे वाक्य मला आता शिवीसारखं वाटायला लागलंय. सकाळची बस आली. तो उतरला, उन्हाने काळवंडलेला, खांद्यावर पिशवी, हातात बापासाठी घेतलेली अक्रोडाची काठी. मला पाहून लांबूनच ओरडला, "बाई, उगवता सूर्य!" आणि जवळ येऊन माझा हात घेऊन कपाळाला लावला.

"बाबा गाडी घेऊन नाही आले?" त्याने इकडेतिकडे पाहिलं.

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, चार वाक्यांत. शिकवलेलं काही कामाला आलं नाही.

तो बस थांब्याच्या बाकावर बसला. काठी गुडघ्यांवर आडवी धरली. शेजारच्या चहावाल्याने न मागता पेला आणून ठेवला आणि निघून गेला. चहा त्याने तसाच गार होऊ दिला. मग विचारलं, "कुठल्या गावाला उतरले?"

"अमास्याला."

"पाच." त्याने मान हलवली. "माझे बारा नसते तर..."

"तसं मनात आणू नकोस," मी म्हटलं. "काय केलं होतंस एवढं?"

"काही नाही हो. मालात्याच्या दिवशी, चव्वेचाळीसला. आदल्या रविवारी बाबांचा आवाज मला बरा वाटला नव्हता. रात्रभर डोळा लागला नाही. दुपारी पहाऱ्यावर होतो, राहवेना, चौकी सोडून खाली फोनपर्यंत पळत गेलो. परत येताना सापडलो." तो माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत राग नव्हता. "फोन तुम्हीच उचलला होतात बाई. म्हणालात, बाबा लग्नाचं वऱ्हाड घेऊन सिनोपला गेलेत. जिवाचा घोरच गेला. कमांडर विचारत होता, घरी काही अडचण आहे का, असेल तर सांग, शिक्षेऐवजी रजेवर पाठवतो. मी म्हटलं, नाही साहेब, सगळं ठीक आहे. कोठडीतूनही घरी फोन तेवढा करू द्यायचे; बारा दिवस अगदी निवांत झोपलो."

मला तो फोन आठवला. शुक्रवार होता, भर दुपार. नेबाहत औषधं आणायला गेली होती. पोरगा धापा टाकत होता आणि मी, एकतीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी पकडलेली बाई, त्याला विचारलंही नाही की तू धापा का टाकतोयस. सिनोप, वऱ्हाड, ढोल-सनई, मी सगळं रंगवून सांगितलं होतं. नवरी कुठल्या गावची तेसुद्धा सांगितलं होतं. बाकाची कड मी घट्ट धरली. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण त्याने तो पाहिला, आणि तो हुशार मुलगा होता.

"तेव्हा ते घरीच होते ना?" त्याने विचारलं.

अजूनही खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारच होती.

"आतल्या खोलीत होते," मी म्हटलं. "तुझा फोन म्हणून उठून बसले. मीच हाताने खूण करून त्यांना परत झोपवलं."

तो उठला. पिशवी खांद्याला अडकवली, काठी काखेत धरली. शिवी दिली असती, ओरडला असता, तर बरं झालं असतं. "चला, आई वाट बघत असेल," एवढंच म्हणाला.

पहिलीपासून ओळखते मी त्याला. रस्त्यात भेटला तर थांबायचा, माझ्या हातातली पिशवी घ्यायचा आणि एक पाऊल मागून चालायचा. बाईंच्या पुढे चालायचं नसतं, हे त्याला रिफतनेच शिकवलं होतं. त्या सकाळी तो पुढे चालत राहिला. मी हाक मारली नाही. घर येईपर्यंत मी त्याच्या मागूनच चालले.