दादाचं सेटिंग

शौर्यदादा कावीळ होऊन गेला, तरी अप्पांनी त्याची गाडी विकली नाही. जुनी डिझेल गाडी होती. दादानं तिला मोठे टायर बसवले होते आणि लॅपटॉप जोडून इंजिनाचं सेटिंग स्वतः बदललं होतं. कळंबला शफीभाईंच्या गॅरेजात बदलायचा, शिनोलीपुढच्या चढावर चालवून बघायचा, परत येऊन पुन्हा बदलायचा. आता अप्पा ती रोज चालवत. दुसऱ्या गिअरला गाडी जरा थांबून मग एकदम ओढ घेई.

"शौर्याची खोड हाय ही," अप्पा म्हणत.

२००९च्या उन्हाळ्यात गाडी काळा धूर सोडू लागली, तापू लागली. शफीभाई म्हणाले, डिझेल जास्त जातंय, सेटिंग जरा कमी करावं लागेल.

"त्याचं पुसू नको," अप्पा म्हणाले.

"न्हाई पुसत. आदी हाय ते कम्प्युटरवर उतरवून घेतो. नाय आवडलं तर परत घालू."

त्यांच्याकडे दोन सॉफ्टवेअर होती. जास्त भरवशाचं कोणतं, असं मी विचारलं.

"बीएस्सी झाली तरी चौकशा संपंनात हिच्या!" ते हसले. "तुझ्या भावाचं जुनं लई रडतं. इंजिनाचा कम्प्युटर उघडून वायरी जोडा, तासभर बसा, आन् मधीच बंद. शौर्या रोज शिव्या घालायचा त्याला. नवं स्टिअरिंगखाली जोडलं की झालं. महिनाभर माझ्या जीपवर तपासलंय, एकदाबी अडकलं नाय."

दादाच्या शिव्या आठवून अप्पाही हसले. पुष्कळ दिवसांनी.

नव्या सॉफ्टवेअरनं काम झालं. धूर थांबला. पण थोड्याच दिवसांत अप्पा मला घेऊन परत गॅरेजात आले. "गाडी गप झाली, शफी. त्याचं परत घाल."

शफीभाईंनी जपून ठेवलेली फाइल गाडीत घातली. अप्पा एक फेरी मारून आले, पण खाली उतरले नाहीत.

"हे त्याचं न्हाई."

"तेच हाय, अप्पा. मीच उतरवलं व्हतं."

"मी रोज चालवतो ही गाडी."

त्याच मॉडेलची दुसरी गाडी गॅरेजात उभी होती. तिच्या सेटिंगला कधी कोणी हात लावला नव्हता. मी तिचीही फाइल नव्या सॉफ्टवेअरनं उतरवून घेतली आणि दादाची म्हणून जपलेल्या फाइलशी ताडून पाहिली. एका आकड्याचाही फरक नव्हता. नवं सॉफ्टवेअर गाडीतलं सेटिंग वाचतच नव्हतं. इंजिनाच्या कम्प्युटरचा फक्त नंबर विचारून कंपनीची मूळ फाइल इंटरनेटवरून आणत होतं आणि हीच तुमची म्हणून दाखवत होतं. शफीभाईंच्या जीपमध्ये मूळ सेटिंगच होतं. त्यांना कळणार कसं? जुनं खरोखर वाचायचं, म्हणून वेळ घ्यायचं.

दादाच्या लॅपटॉपची डिस्क तो असतानाच जळाली होती. त्यानं केलेलं फक्त गाडीत होतं, आणि आम्ही ते पुसलं होतं.

शफीभाई म्हणाले, "मी त्याच्या शेजारीच बसायचो. थोडंफार ध्यानात हाय. अंदाजानं घालतो, आपण चढावर जाऊ, तुमी फकस्त सांगा..."

"नको रं," अप्पा म्हणाले. "ते तुझं व्हईल."

त्यांनी उतरून किल्ली माझ्या हातात दिली आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. घरापर्यंत गाडी मी चालवली. ती कुठेही अडखळली नाही.