मागे ठेवलेली सोंगटी

सेवादास मास्तरांनी पुस्तक लिहिलं आणि आपल्याच हाताने आपली झोप घालवली. पुस्तकाचं नाव 'सोपा सारीपाट : जिंकण्याच्या चाळीस युक्त्या'. घाटंजीत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, अवघड ते सोपं करून सांगायची खोड जन्माची. पाचवीच्या पोरालाही कळावं म्हणून एकेक चाल आकृती काढून समजावलेली. पुस्तक हातोहात गेलं.

घोळ होता सतराव्या युक्तीत.

दर बाजाराच्या दिवशी उकंडा आपल्या सायकलच्या दुकानापुढे सारीपाटाचं कापड अंथरी. त्याला हरवणारा आसपासच्या गावांत नव्हता. पण त्याचा एक नेम होता. तीन सोंगट्या घरात गेल्या की चौथी तो मुद्दाम बाहेर रेंगाळत ठेवी, समोरच्याची निदान एक घरी पोचेपर्यंत.

"माणूस कोरा उठवाचा नसते, मास्तर," तो एकदा म्हणाला होता. "एकही सोंगटी घरी नाही गेली, का तो पुढच्या बजारी येतच नाही."

हे ठाऊक असून मास्तरांनी लिहिलं : 'कसलेले खेळाडूही शेवटची सोंगटी आळसाने मागे ठेवतात. तिथेच गाठा आणि मारा.' नाव घातलं नाही, एवढीच काय ती लाज राखली. एका झकास उदाहरणाच्या मोहापायी त्यांनी मित्राचा चांगुलपणा चूक म्हणून छापला होता.

लोक पुस्तक वाचून खेळायला येऊ लागले. उकंडा ओळीने तीन बाजार हरला. "सतरा नंबर!" म्हणून कोणी टाळी दिली, तेव्हा मास्तर भाजी न घेताच घरी परतले.

चौथ्या बाजारी मात्र मन इतकं खाऊ लागलं की ते कापडासमोर जाऊन बसले.

"उकंडा, ते सतरावं... चुकलंच माझं. पुढच्या छपाईत काढून टाकतो."

"काहून? नातीनं वाचून दाखवलं मले. चांगलं लिवलं तुमी." उकंड्याने कवड्या पुढे सरकवल्या. "टाका."

मास्तरांना दान पडेना. बघता बघता उकंड्याच्या तीन सोंगट्या घरात गेल्या, मास्तरांची एकही नाही. ठेव बाबा, ती चौथी मागे ठेव, मास्तर मनात विनवत होते. हाती दान आलं तरी मी मारणार नाही, आईची शपथ.

उकंड्याने कवड्या टाकल्या. हवं ते दान पडलं. सोंगटीवर बोट ठेवून तो जरासा थांबला आणि मग तिला सरळ घरात घेऊन गेला.

"चूक सुधारली, मास्तर."

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसेना. ते चपला शोधू लागले. कापडाची घडी घालता घालता उकंड्याने मान वर केली.

"पुढच्या बजारी येसान ना?"