कुठलंही कडं, कुठलाही सांगाडा

"ते दाणे काढ तिथून," नणंदेने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "एक गिळला तर एकवेळ निघून तरी जाईल. दोन गिळले तर पोटात एकमेकांना शोधत जातात, आणि मध्ये आतडं चिमटतं."

तिने ते हसण्यावारी नेलं. नणंद रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी गिळावी म्हणूनच बनवलेली असायची. बटणं, पेनांची टोपणं, पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा.

"ताई, गोंदाने पक्के बसवलेत. माझ्या नखानेही निघत नाहीत."

"तुझी नखं आहेत कुठे? सगळी खाल्लीस की काळजी करकरून."

तेही खरंच होतं. काळजी हा तिचा स्थायीभाव. लेक ठमी शिंकली की हिला न्यूमोनिया दिसायचा. पण या दाण्यांची मात्र तिला कधी धास्ती वाटली नव्हती, कारण ते तिने स्वतः बसवले होते. आपल्या हातच्या कामावर माणसाचा फार जीव असतो.

हे दाणे म्हणजे मसुराएवढे चुंबक. ती घडी घालून खिशात टाकता येईल असा सूक्ष्मदर्शक बनवत होती. नदीकाठी पाणी तपासणाऱ्यांनी, शेतात कीड ओळखणाऱ्यांनी सहज न्यावा असा. खरी गंमत होती त्याच्या सुट्या भागांत. भिंग एका छोट्या कड्यात बसवलेलं, कड्याच्या काठाला तीन चुंबक. सांगाड्याजवळ नेलं की कडं आपणहून टक् करून जागेवर बसायचं. ना स्क्रू, ना आटे. आणि कुठलंही कडं कुठल्याही सांगाड्यावर बसलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यापायी केसभराच्या फरकावरून तिने ढीगभर कडी बाद केली होती. टाकून मात्र एकही दिलं नव्हतं. सगळी खणात.

"म्हणजे कुणाचंही डोकं कुणाच्याही धडावर," नणंद म्हणाली होती. "ही सोय माणसांत हवी होती गं. माझ्या भावाला केव्हाच दुसरं बसवून दिलं असतं."

"मी इथेच बसलोय," भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"म्हणून तर हळू बोलले."

पाणीतपासणी खात्याचे लोक सूक्ष्मदर्शक बघायला येणार होते, त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. टेबलावर पेटी उघडी होती. ती एकेक भाग फडक्याने पुसून परत ठेवत होती आणि टेबलाखाली दीड वर्षांची ठमी स्वतःशीच काहीतरी गंभीर बोलत होती. शेवटचं कडं तिने हातात घेतलं, उजेडात धरलं आणि पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

काठाला तीन खाचा. चुंबक एकात. दोन रिकाम्या.

तिने खाली वाकून पाहिलं. ठमीचं तोंड हलत होतं.

पुढचं सगळं एका दमात झालं. बोट तोंडात घातलं, तर बिस्किटाचा लगदा निघाला. ठमीने चावून निषेध नोंदवला. मग सतरंजी झटकून झाली. मग एक मोठा चुंबक दोरीला बांधून ती सगळी फरशी पिंजू लागली. चुंबकाला टाचण्या लागल्या, केसांचा आकडा लागला, कधीपासून हरवलेली कपाटाची किल्ली लागली. एरवी तिने किल्लीसाठी टाळ्या वाजवल्या असत्या. ते दोन दाणे काही लागले नाहीत.

तिने नणंदेला फोन लावला. आवाज इतका शांत आला की तिचा तिलाच परका वाटला. "ताई, दोन नाहीत."

पलीकडे "मी सांगितलं होतं" वगैरे काही झालं नाही, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. "खायला-प्यायला काही देऊ नकोस. आहेस तशी निघ. मी दारात उभी राहते."

एक्स-रेच्या खोलीत ठमीची चैन होती. तिला मोठ्ठं यंत्र आवडलं, यंत्रावरचा माणूस आवडला आणि त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र तर तिने सोडायलाच नकार दिला. आई बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या कडीकडे बघत होती. देवा, हे एवढं निभावून ने, मी पुन्हा कधी काही बनवणार नाही, असं ती म्हणाली. लगेच, निदान चुंबकाचं तरी नाही, अशी दुरुस्तीही केली.

दार उघडलं. नणंद ठमीला काखोटीला मारून बाहेर आली.

"स्वच्छ आहे पोट. डॉक्टरांनी नीट बघितलं. चुंबक नाही, बटण नाही, काही नाही. नुसता वारा भरलाय. आत्याच्या वळणावर गेलीय."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. कुठलं आधी बाहेर काढावं ते न कळून तिला उचकी लागली. ठमीने टाळ्या वाजवल्या.

"पण मग दाणे गेले कुठे?"

याचं उत्तर तिचा नवरा धापा टाकत आला तेव्हा मिळालं. तिने घट्ट मुठीत आणलेलं कडं त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, हे खणातलं आहे. काल पेटीत एक कडं कमी दिसलं. म्हटलं, तू दमलीयेस, कशाला विचारा. खणातलं एक घेतलं, लावून बघितलं. जरा सैल वाटलं, पण बसलं की!"

"बसणारच," ती हताशपणे म्हणाली. ते तिने गोंद पारखण्यासाठी एकाच चुंबकावर सोडलेलं कडं होतं. त्या खाचांत कधी काही नव्हतंच. "सगळं सगळ्याला बसतं, तेच तर मी करून ठेवलंय. आणि पेटीतलं कडं पुसायला म्हणून काढलेलं, ते कालपासून माझ्याच खिशात होतं."

तिने खिशातून ते काढलं. हे खरं, पक्कं, तीन चुंबकांचं.

"आण इकडे," नणंद म्हणाली. केसातली पिन काढून तिने टोक एका दाण्याखाली सरकवलं आणि मनगटाला जरासा हिसका दिला. दाणा उडून तिच्या तळहातात पडला. मग दुसरा. एक तिने ॲप्रनच्या कापडावर ठेवला, दुसरा कापडाखालून जवळ नेला. टक्. मधलं कापड चिमटून घट्ट झालं. नणंदेने ओढून पाहिलं. ते सुटेना.

नवऱ्याने ठमीला जवळ ओढलं.

"आज काही झालं नाही ते नशीब," नणंद म्हणाली. "तुझा गोंद नव्हे."

तिने तिथल्या बाकावरूनच खात्याला फोन केला. "उद्या नको," ती म्हणाली. "वस्तूत खोट आहे." पलीकडचे साहेब कुरकुरले, मग खोट काय ते विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "नीट करा आणि या. मलाही नातू आहे."

पुढचे दिवस घरात नुसती धांदल. चुंबक गेले. कड्याला दोन दात आले, एक रुंद आणि एक अरुंद, म्हणजे उलटं बसायची सोयच नको. आत सारून किंचित फिरवलं की खट् करून अडकायचं. ठमी दात, नखं, पाय सगळं वापरून दमली, पण एकही तुकडा निघाला नाही. "घरचा तपासनीस पास करतोय," नवरा म्हणाला. खणातली कडी तिने स्वतः हातोडीने फोडली. त्यातल्या चुंबकांची नणंदेने घट्ट झाकणाच्या डबीत रवानगी केली.

पण चुंबकवाले काही संच वापरून बघायला म्हणून ओळखीत वाटलेले होते. ते परत मागताना तिला लाज नाही वाटली. नुसत्या फोनवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून दारोदार फिरून तिने ते गोळा केले. शेवटचा एका शाळेतल्या बाईंकडे होता. दार उघडताच बाई कौतुकाने सांगू लागल्या, पाण्यातले किडे काय सुंदर दिसतात, मुलं वर्गात कशी रांग लावतात.

"बाई, तुमचं बाळ कुठे आहे?"

"आत आहे की, खेळतंय. कालपासून रांगायला लागलंय."

ती चपलांसकट आत गेली. बाळ पलंगाशी बसलं होतं, हातात कडं, काठ हिरड्यांत. तिने ते अलगद सोडवून घेतलं आणि दाणे मोजले. एक, दोन, तीन. सगळे होते. बाळाने भोकाड पसरलं आणि ती तिथेच फरशीवर बसून खदखदून हसायला लागली. बाईंना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

तुमच्या घरात, शेजारी, बहिणीकडे असं नुकतंच रांगायला लागलेलं कुणी असेल, तर हे वाचन जरा बाजूला ठेवा. जा, बघून या. हातात काय आहे ते दिसेलच; तोंडात काय आहे ते बघा.