तीन फर्लांगांचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर, चौक गाव सोडून थोडे पुढे आले की डाव्या हाताला मी दिसतो. माझ्या अंगावर एवढेच कोरलेले आहे: खोपोली ८. माझ्याकडून लोकांना दुसरे काही नको असते. मी खरे अंतर सांगावे, इतकेच. तेच सांगत असताना मी चार वर्षे एका मुलीला फसवले.

लोधिवलीच्या खाणीतल्या काळ्या पाषाणातून मला धाकलू नावाच्या पाथरवटाने घडवले. तेव्हा तो विशीचा होता. आठाचे वळण काढताना त्याची टाकी घसरली आणि आकड्याच्या शेपटाशी एक टवका उडाला. मुकादम ओरडला. धाकलू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मुकादम. टवका उडाला म्हून खोपोली काय जवळ येत नाय!" मग त्यानेच मला गाडीत घालून आणले आणि रस्ता जिथे एका टेकाडाला वळसा घालायला निघतो, त्या वळणाच्या तोंडाशी पुरले. शेजारून ओढा वाहत होता.

कामाची वर्षे चांगली गेली. भाताच्या गाड्या जात, धुरळा उडवत सर्व्हिस मोटारी जात. गाडीवान माझ्याकडे बघून बैलांना धीर देत. रस्त्याची निगा राखणारा मैलकुली हिरामण दर दिवाळीनंतर मला चुना फासायचा आणि आठाच्या खाचेत काळा रंग भरायचा. त्या दिवशी मला नवे कपडे घातल्यासारखे वाटे.

माझी खरी ओळख ठेवली ती मात्र एका नटाने. त्यांचे नाव हरिभाऊ वाकसकर. ते एका फिरत्या संगीत नाटक मंडळीत विनोदी कामे करत. मंडळी दर वर्षी कोकणचा दौरा संपवून वैशाखात घाट चढायची. वाटेत खोपोलीला शिळफाट्यावर त्यांचा शेवटचा प्रयोग असे. मंडळीची जुनी लॉरी माझ्यापाशी येईपर्यंत तापलेली असायची. ड्रायव्हर ओढ्यावर पाण्याला जाई आणि हरिभाऊ खाली उतरून माझ्या शेजारी बसत.

"काय पाटील, खोपोली किती?" ते मला विचारत आणि माझ्या वतीने स्वतःच उत्तर देत. "आठ? गेल्या साली आठ, औंदाही आठ? अरे, म्हाताऱ्या माणसाला एखादा मैल सूट देशील की नाही?"

लॉरीतले सगळे हसत. हरिभाऊ पानाचा विडा लावत आणि बोटाला उरलेला चुना माझ्या अंगाला पुसत. एकदा हिरामणने ते पाहिले.

"ओ नाटकवाले! सरकारी दगड हाय त्यो."

"मग तू वर्षातून एकदा काय फासतोस त्याला? चुनाच ना? मी आपला थोडा हातभार लावला."

हिरामण गाल फुगवून उभा राहिला आणि मग त्यालाच हसू फुटले. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली. दर वर्षी हरिभाऊ त्याच्यासाठीही एक विडा बांधून आणत. एकदा हिरामणने विचारले, "तुमचं गाव कंचं?" हरिभाऊ म्हणाले, "नटाला दोनच पत्ते असतात, हिरामण. आजचा मुक्काम आणि उद्याचा."

पण त्यांना तिसराही एक पत्ता होता. कर्जतला त्यांची एकुलती एक मुलगी होती, उमा. आई लहानपणीच गेल्यावर तिला मामांनी वाढवले. ती शिकली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. वडील काय करतात असे कोणी विचारले, तर ती सांगायची, "फिरतीचा व्यापार आहे." हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

१९४३ सालचा वैशाख होता. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. मंडळीची लॉरी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत आली. हरिभाऊ उतरले. ते खूप वाळले होते. या वेळी त्यांनी मला खोपोली किती ते विचारले नाही. ते चौककडच्या रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होते.

"आज माझी मुलगी येणार आहे," त्यांनी हिरामणला सांगितले. "मी लिहिलं होतं तिला, खोपोली आठच्या दगडापाशी ये म्हणून. चार वर्षांत पाहिली नाही मी तिला."

"येनार म्हून लिवलंय?"

"लिहिलंय, परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, जमल्यास येईन. जमल्यास! म्हणजे येणार. यायचं नसतं तर तिने जमणार नाही असं लिहिलं असतं. मास्तरीण आहे ती. शब्द तोलून लिहिते."

पाणी भरून झाले. मंडळीचे मालक दोनदा येऊन गेले. "हरिभाऊ, उठा. शिळफाट्यावर मांडव उभा आहे."

"एक विडा होऊ दे. तोवर येईल ती."

एक झाला, मग दुसरा झाला. ऊन डोक्यावर आले. चौककडून एक मोटार आली आणि न थांबता निघून गेली. हरिभाऊ तिच्याकडे बघत अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले. त्यांनी माझ्यावर मान टेकली. मित्रांनो, वैशाखातल्या दुपारी दगड कसा असतो ते हात लावून बघा. मी तव्यासारखा तापलो होतो. त्यांना टेकायला दुसरे काही नव्हते आणि मला थंड होता येत नव्हते. हिरामण ओढ्यावरून ओंजळ भरून आला, तेव्हा ते गेले होते.

मंडळीला थांबता येत नव्हते. हिरामणने रस्त्याच्या कामाची वाळली लाकडे आणली. माझ्यापासून वीस पावलांवर, ओढ्याच्या काठी, त्यांना ठेवले. अग्नी कोणी द्यायचा, यावर थोडा वेळ कुजबुज झाली. शेवटी मधू पुढे झाला. नाटकात तो हरिभाऊंचा मुलगा व्हायचा. रोज त्यांच्याकडून रंगमंचावर खोटा मार खायचा. त्याने खरा अग्नी दिला. दिवस बुडायच्या आत लॉरी खोपोलीला निघून गेली. राख हिरामणने ओढ्यात सोडली आणि त्या जागी चार गोटे मांडून ठेवले.

त्याच हिवाळ्यात रस्त्यावर माणसे आली. लष्कराच्या मोठ्या लॉऱ्यांना माझ्या पुढचे वळण अडत होते. टेकाड फोडले, वळसा काढून टाकला, रस्ता सरळ केला. साखळ्या टाकून मोजणी झाली. आणि माझ्या जागेपासून खोपोली आता आठ मैल भरेना. तीन फर्लांग कमी झाले होते. आठ फर्लांगांचा एक मैल, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. आठ मैल पुरे भरावेत म्हणून मला उपटून तीन फर्लांग मागे, चौकच्या बाजूला, नेऊन पुरले. ज्यांनी मला हलवले त्यांत हिरामणही होता. माझ्या शेजारी काय आहे, असे त्याला कोणी विचारले नाही. मोजणीत ते बसत नव्हते.

पुढच्या वैशाखात एक तरुण बाई मोटारीतून माझ्यापाशी उतरली. साधे पांढरे पातळ, हातात कापडी पिशवी. पिशवीत मंडळीच्या मालकांनी पाठवलेले पत्र होते: खोपोली आठच्या दगडापासून वीस पावलांवर, ओढ्याच्या काठी. तिने माझा आकडा वाचला. वीस पावले मोजली. ओढा रस्त्याच्या कडेने लांबवर वाहतो, त्यामुळे इथेही वीस पावलांवर ओढा होताच. तिने तिथे पणती लावली, एक विडा ठेवला आणि परत येऊन माझ्याजवळ बसली.

मला ओरडून सांगावेसे वाटले की इथे नाही, पुढे जा. पण माझ्याजवळ एकच वाक्य आहे आणि ते धाकलूने कोरलेले आहे.

ती हळू आवाजात बोलू लागली. "अण्णा, पेपर नव्हते. शाळेला सुट्टी लागून आठ दिवस झाले होते. तुम्हाला शाळेचं वेळापत्रक कुठलं माहीत असणार, म्हणून लिहिलं तसं. मी घरीच होते. पातळ नेसून तयार झाले होते. मग वाटलं, रस्त्यावर नाटकाच्या लॉरीजवळ मला कोणी पाहिलं तर? म्हणून पुन्हा घडी करून ठेवलं." मग तिने माझ्याभोवती दोन्ही हात टाकले आणि ती रडली.

हिरामण कुदळ घेऊन पलीकडे उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "दादा, हाच ना तो दगड? इथेच ना?"

हिरामणने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "व्हय, बाय," तो म्हणाला. "ह्योच दगड."

दगड तोच होता. खोटे म्हणावे असे त्याने काही सांगितले नाही. मीही सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून तिला फसवले.

ती दर वर्षी आली. दर वर्षी तीच पणती, तोच विडा आणि तेच बोलणे. दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र उघडून वाचावे तसे मला ते ऐकावे लागे. आणि तीन फर्लांगांवर चार गोटे गवतात बुडत होते. ती निघून गेली की हिरामण तिथे जाऊन गवत कापायचा. तेवढेच त्याच्या हातात होते.

पाचव्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, ती बैलगाडीतून आली. गाडीत एक लहान घडीव दगड होता आणि एक म्हातारा पाथरवट होता. मी त्याचा आवाज ओळखला. तो धाकलू होता. वाटभर त्याची कुरकुर चालली असावी, कारण गाडीतून उतरतानाही तो बोलतच होता.

"हरिभाऊ वाकसकर, नट. इतकं पुरं झालं असतं, बाय. खाली आनि 'उमाचे वडील' कशाला? मेलेल्या मानसाला लेकीची वळख लागत नाय."

"त्यांना नाही लागत, धाकलूबाबा. मला लागते."

दगड कुठे बसवायचा ते बघायला धाकलू माझ्याजवळ आला. त्याने माझ्यावर हात फिरवला आणि त्याचे बोट आठाच्या शेपटाशी थांबले.

"ह्यो टवका माझा हाय," तो म्हणाला. मग त्याने मान वर करून रस्ता पाहिला, मागे पाहिला, पुढे पाहिला. "पन ह्यो हितं कसा? मी ह्याला वळनाच्या तोंडाशी पुरला होता. हितं वळन कुठं हाय?"

उमाने काही न कळून त्याच्याकडे पाहिले. मग तिने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या हिरामणकडे पाहिले. हिरामणने हातातली कुदळ खाली ठेवली.

"मला म्हाईत होतं, बाय," तो म्हणाला. "ह्या हातांनीच हलवला त्याला. वळन काढलं तवा. तुजं अण्णा फुडं हायत. पयल्या वर्सी तू दगडाला मिठी मारून रडलीस, मंग मी कंच्या तोंडानं सांगनार? दुसऱ्या वर्सी तर त्याहून अवघड झालं. पन तिथलं गवत मी वाढू दिलं नाय. तेवढं खोटं नाय."

बैलाने मान हलवली, घुंगरे वाजली. मला वाटले, ती आता हिरामणला बोलेल, मला लाथ मारील. तसे झाले असते तर मला बरे वाटले असते.

"किती पुढे?" तिने विचारले.

"तीन फर्लांग."

"म्हणजे तिथून खोपोली आठ नाही?"

"नाय. आठाला तीन फर्लांग कमी."

तिने तोंडावर पदर धरला. मला वाटले ती रडते आहे. पण ती हसत होती, आणि मग दोन्ही एकदम सुरू झाले. "अण्णा मला पत्रात लिहायचे," ती म्हणाली, "एक दगड आहे, फार कडक, एक मैलही कमी करत नाही. शेवटी सूट घेतलीच त्यांनी. मैल नाही, पण तीन फर्लांग घेतलेच!"

हिरामणने कपाळाला हात लावला आणि तोही हसला.

मग ती गाडीत बसली नाही. गाडी पुढे गेली आणि ती मागून चालत गेली. हिरामण तिच्याबरोबर निघाला होता, पण ती म्हणाली, "तुम्ही थांबा, दादा. इथून पुढे मी एकटी जाते. मला उशीर झाला आहे." चार गोट्यांपाशी पोचल्यावर ती काय बोलली, ते मला माहीत नाही. तीन फर्लांगांवरचे मला ऐकू येत नाही. ते योग्यच आहे. ते माझ्यासाठी कधीच नव्हते.

आजही ती दर वैशाखात येते. मोटार थेट तिथे थांबू शकते, पण ती माझ्यापाशीच उतरते. अण्णांनी खोपोली आठच्या दगडापाशी ये असे लिहिले होते, म्हणून आधी इथे. ती विडा लावते, बोटाला उरलेला चुना माझ्या अंगाला पुसते आणि चालू लागते. हिरामण आता रागावत नाही.

मित्रांनो, मला हलवले यात माझा दोष नाही, असे तुम्ही म्हणाल. हिरामणही तसेच म्हणतो. पण ज्याच्यावर लोक विश्वास ठेवतात त्याला एवढ्याने सुटता येत नाही. तुम्ही मोठे होऊन रस्ते बांधाल, जुने दगड हलवाल. हलवा, पण आधी जवळपासच्या माणसाला विचारा की इथे कोण आहे. आणि कोणी तुमची वाट बघत असेल, तर जमल्यास येईन असे लिहू नका.

कधी या रस्त्याने आलात तर माझ्यापासून तीन फर्लांग पुढे चालत जा. ओढ्याच्या काठी एक लहान दगड आहे. त्यावरची अक्षरे मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको. हरिभाऊ नट होते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, असे ते म्हणायचे. आमच्याकडे शेवटच्या रांगेत मीच उभा आहे.