चोवीस डेलिया आणि मेव्हिस

बार्न्सलेच्या क्लिफर्ड होल्रॉइडकडे चोवीस डेलिया होते आणि एक बायको. मे महिन्यात तो यांपैकी कुणाच्या तब्येतीला जास्त जपतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

काचघरात उबेला वाढलेलं रोप एकदम उघड्यावर लावलं तर मान टाकतं. त्याला बाहेरच्या हवेची सवय बेताबेताने लावावी लागते. पहिल्या दिवशी एक तास बाहेर, मग आत. दुसऱ्या दिवशी दोन तास. असं वाढवत पंधरवडा काढला की रोप वाऱ्याला भीक घालत नाही. क्लिफर्ड घड्याळ लावून कुंड्या आत-बाहेर करायचा, खोड घट्ट व्हावं म्हणून एकेका रोपावरून तळहात फिरवायचा, वर "शहाणं गं माझं ते" असंही म्हणायचा. सप्टेंबरच्या फुलांच्या प्रदर्शनात त्याचं पहिलं बक्षीस दोनदा हुकलं होतं. यंदा ते घेतल्याशिवाय तो गप्प बसणार नव्हता.

एका संध्याकाळी मेव्हिसने चहाची किटली टेबलावर आदळली.

"अकरा वर्षं झाली, क्लिफ. मेमध्ये रोपं, जूनमध्ये गोगलगायी, जुलैत मावा, सप्टेंबरात प्रदर्शन. शनिवारी मी आठवडाभर ब्रिडलिंग्टनला समुद्रावर चालले. तू आलास तर दोघं परत येऊ. नाही आलास तर मी तिथेच एड्नाकडे राहीन. कायमची."

एड्ना तिची बहीण, आणि मेव्हिस पोकळ धमक्या देणाऱ्यांतली नव्हती.

"येतो की," क्लिफर्ड लगेच म्हणाला.

मेव्हिस इतकी हरखली की नवी हॅट घेऊन आली. शनिवारी तिने गाडीचं दार उघडलं, तर मागच्या सीटवर चोवीस डेलिया दाटीवाटीने बसलेले.

"यांनाही समुद्र बघायचाय वाटतं?"

"आज चौथा दिवस गं त्यांचा. मधेच सोडून कसं चालेल?"

पुढचा सगळा रस्ता ती एक शब्द बोलली नाही. क्लिफर्डला वाटलं, चला, पटलं.

एड्ना क्लिफर्डला दारात उभं करत नसे, म्हणून त्यांनी ऑग्डनबाईंच्या घरी खोली घेतली होती. बाईंचे नियम दारामागे टांगलेले होते. कुत्रं चालणार नाही, खोलीत मासे तळून आणलेले चालणार नाहीत, आणि पाहुण्यांनी न्याहारी करून दहाला बाहेर पडायचं ते पाचलाच परत यायचं. मग पाऊस असो नाहीतर वादळ. डेलियांबद्दल मात्र नियम नव्हता. सप्टेंबरात मोठा गुच्छ पाठवायच्या बोलीवर बाईंनी क्लिफर्डला हीटरजवळचा एक कोपरा देऊन टाकला.

मग रोज दहा वाजता सगळे बाहेर पडायचे. डेलिया मागच्या अंगणात, होल्रॉइड नवराबायको समुद्रासमोरच्या बाकावर. क्लिफर्ड दर तासाला कुंड्या बघून यायचा. त्या दिवसाचे तास भरले की डेलिया हीटरपाशी जायचे. मेव्हिस मात्र हॅट हाताने दाबून धरत पाचपर्यंत बाकावरच असायची.

मंगळवारी एकच्या सुमारास आभाळ काळंठिक्कर झालं.

"आलोच," म्हणत क्लिफर्ड धूम पळाला. एका खेपेला दोन, अशा बारा खेपा केल्या. स्वतःच्या रुमालाने पानं पुसली, कुंड्या मोजल्या. चोवीस.

ऑग्डनबाई फडकं घेऊन आल्या. "आले का सगळे?"

"सगळे आले," क्लिफर्डने निःश्वास सोडला. "वेळेवर पोचलो, नाहीतर धडगत नव्हती."

"आणि मिसेस होल्रॉइड?"

क्लिफर्ड तसाच, कोटाशिवाय, पावसात धावला.

मेव्हिस बसच्या थांब्यावर उभी होती. हॅट भिजून दोन्ही कानांवर लोंबत होती.

"एड्नाकडची बस दहा मिनिटांत येईल," ती म्हणाली. "डेलियांना पहिल्या दिवशी किती वेळ बाहेर ठेवलं होतंस?"

"एक तास."

"मला सात ठेवलंस. पहिल्याच दिवशी."

क्लिफर्डला लाज वाटली. अशी की पावसाचंही भान राहिलं नाही. "चल, आधी कोरडी हो. मग वाटलं तर पुढच्या बसने जा," तो म्हणाला.

"पाचच्या आत मला आत घेतंय कोण?"

तिचा हात धरून तो तिला घेऊन आला. ऑग्डनबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"पाहुणे पाच वाजता, मिस्टर होल्रॉइड."

"पाहुणे कुठले, बाई? तो कोपरा तुम्ही मला दिलाय ना? त्यात काय ठेवायचं ते माझं मी बघतो."

"डेलियांसाठी दिलाय!"

"मग ते काढतो बाहेर."

आणि खरोखर काढायला लागला. बाई आ वासून बघत राहिल्या. सातव्या खेपेला टपाटप गारा सुरू झाल्या. क्लिफर्डने एकदा वर पाहिलं, कुणाच्या तरी नावाने शिवी हासडली आणि उरलेल्या कुंड्याही नेऊन ठेवल्या. मग रिकाम्या कोपऱ्यात खुर्ची टाकून त्याने मेव्हिसला बसवलं. बाईंनी न मागता टॉवेल आणला, आणि नियमांकडे पाठ फिरवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

खिडकीबाहेर ताडताड आवाज येत होता. क्लिफर्ड खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसला. त्याची मान आपोआप वळत होती आणि तो ती नेटाने सरळ करत होता.

"बघावंसं वाटतंय ना?" मेव्हिस म्हणाली.

"नाही."

"खोटारड्या."

"हो," क्लिफर्ड म्हणाला. "तीन दिवस कुडकुडत होतीस, तर एक हाक का नाही मारलीस गं?"

"डेलियांनी कधी मारली होती?"

बाहेर एक कुंडी आडवी पडल्याचा आवाज झाला. क्लिफर्डने पुढे वाकून तिच्या बुटांच्या ओल्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि तिचे गारठलेले पाय टॉवेलने पुसायला घेतले, एकेक बोट, सावकाश.