वाडीबाहेरचा वाघ

मित्रांनो, मी फुटबॉलची एक जुनी जर्सी आहे. अंगावर पिवळे-काळे उभे पट्टे, छातीवर अकरा चांदण्या, आणि स्वभाव असा की एका जागी बसवत नाही.

माझं घराणं उरुग्वेतलं. मोंटेव्हिडिओ शहराच्या कडेला पेन्यारोल नावाची वस्ती आहे; आपल्या मुंबईजवळच्या वाशिंदसारखी, रुळांना धरून वाढलेली समजा. तिथल्या रेल्वेच्या लोकांनी १८९१ साली क्रिकेट खेळायला क्लब काढला आणि लवकरच ते फुटबॉलला लागले. माणसं सुधारतात ती अशी. पिवळा-काळा रंगही रेल्वेचाच. पुढे रेल्वे कंपनीने अंग काढून घेतलं, तेव्हा क्लबाने वस्तीचं नाव लावलं आणि पाच वेळा अख्ख्या खंडाचं अजिंक्यपद मिळवलं.

मी मात्र परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून म्हसा गावच्या जत्रेत उतरले. डोंगरातल्या एका वाडीचा वाळू नावाचा गडी मला घेऊन गेला. मी मैदानाची वाट पाहत होते. वाडीने माझे पट्टे पाहिले आणि मला वाघ केलं.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. एक गडी वाघ होतो. गुराखी काठ्या घेऊन त्याला पळवतात, वेशीवरच्या ओहोळाशी धरतात आणि विचारतात, "परत येशील?" वाघाने "नाय येत" म्हणायचं, म्हणजे वर्षभर गुरं सुखरूप. वाघोबा देवासमोर दिलेला हा शब्द फिरत नाही, असं वाडी मानते. वाळू आणि मी तो बरीच वर्षं देत आलो. निदान पळायला तरी मिळायचं.

२००३ साली वाळूला वाशिंदच्या एका कारखान्यात काम लागलं. वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशीच निघायचं होतं. त्याची आई हिरी सकाळपासून मागे लागली.

"यंदा वाघ नको होऊ रे. तुझा थोरला भाऊस असाच कामाला गेला तो आलाच नाय. तू तर आख्ख्या वाडीदेखत सांगणार, नाय येत म्हणून."

"आये, तो वाघ बोलतो. मी कुठं बोलतो?"

"तोंड तुझंच हाय ना?"

वाळू दुसरा वाघ शोधायला वाडीभर फिरला. ऐनवेळी कोणी मिळेना.

दुपारी आम्ही जीव खाऊन पळालो आणि रिवाजाप्रमाणे सापडलो. सगळ्यात जुने गुराखी धाऊबाबा. त्यांनी काठी उगारली. "परत येशील?"

वाळूने आईकडे पाहिलं.

"बोल ना रे. वाघाला सर्दी झाली काय?"

पोरं हसली. हिरी पदर तोंडाशी धरून उभी होती. "येईन" म्हणावं तर वाडीच्या गुरांवर संकट, "नाय" म्हणावं तर आईच्या जिवाला घोर.

वाळूने मला डोक्यावरून ओढून काढलं आणि ओहोळापलीकडे भिरकावलं. "वाघ नाय येत," तो म्हणाला. मग उघड्या अंगाने आईकडे वळला. "वाळू येल. दर सुट्टीला येल."

धाऊबाबांनी काठी खाली घेतली. "चालतंय," ते म्हणाले. "वाघोबाची तक्रार आली तर बघू."

सकाळी जाताना वाळूने मला करवंदीच्या जाळीतून सोडवून घेतलं. तेव्हापासून मी वाशिंदला, त्याच्या खोलीत खिळ्यावर. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तो पिशवी भरतो आणि मी उगाच हलू लागते. तो माझी बाही नीट करतो आणि मला तिथेच ठेवून निघतो. खंड जिंकणाऱ्या घराण्यातली मी. पंधरा-वीस घरांच्या वाडीची वेस मला बंद आहे.

मित्रांनो, माझी काख उसवली आहे, पट्टे विटले आहेत. असा कपडा दिसला की तुमचा हात आधी फरशी पुसायला जातो. जरा थांबा, दोन टाके घाला. वाळूने येण्याचा शब्द स्वतः घेतला आणि न येण्याचा माझ्यावर टाकला. आज सुट्टी आहे; मी इथे टांगलेली आहे, म्हणून तो तिथे आईसमोर जेवायला बसला आहे.